तांबडी जेवत नाही

कोल्हापुरात कुणाच्याही तब्येतीची चौकशी जेवणापासून सुरू होते. ‘बरा आहेस का’ हे नंतर, आधी ‘जेवलास काय?’. दवाखान्यात पेशंटला बघायला जाणारासुद्धा डबा घेऊन जातो आणि पेशंटनं दोन घास खाल्ले की ‘आता काय काळजी नाही’ म्हणत जिना उतरतो. आमच्या घरात तर हे शास्त्र सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, टोकाला नेलेलं आहे. ताप आला, खा. जुलाब लागले, मऊ भात खा. परीक्षेत कमी मार्क पडले, आधी खाऊन घे आणि मग रड. त्यामुळे परड्यातल्या तांबडीची अन्नावरची वासना उडाली तेव्हा घरातलं सगळं वैद्यकच आडवं झालं.

तांबडी आणि पांढरी ही नावं थोरल्यानं ठेवली. कोल्हापुरात दोन कोंबड्यांची नावं अशी ठेवली की पुढचा विनोद आपल्याला करावा लागत नाही, येणारा प्रत्येक पाहुणा तो स्वतःच करतो, आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा आनंदात करतो. दोघी आत्यांच्या माहेराहून, राधानगरीकडच्या एका खेड्यातून आल्या. आल्या तेव्हा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या, होत्या. कळंब्याच्या बाजूला आमचं घर आहे. मागं जी जागा उरली आहे तिला परडं म्हणणं जरा जास्तच होईल, पण आत्या म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो.

आषाढातले दिवस, पावसाची झड लागलेली. तांबडी वळचणीला उभी होती. मान आत ओढलेली, पिसं फुलवलेली, शेपूट खाली. आत्यांनी लांबूनच निदान केलं, ‘खुडूक असंल.’ खुडूक कोंबडीही खाणं कमी करते, हे खरं. पण खुडूक कोंबडी खुराड्यात ठाण मांडते, जवळ गेलं की फुगते, गुरगुरते, हातावर टोच मारते, आणि दिवसातून एकदा तरी उठून, घाईघाईनं खाऊनपिऊन परत अंड्यांवर जाते. एकवीस दिवस बसायचं तिचं ठरलेलं असतं. तिच्या न खाण्यात एक जोर असतो. तांबडीत तो नव्हता. तिला उचलली तर तिनं उचलू दिलं, आणि एरवी कुणालाही अंगाला हात लावू न देणाऱ्या कोंबडीनं उचलू द्यावं, ही गोष्ट मला तिच्या न खाण्यापेक्षा जास्त खटकली.

त्याआधी ती खातेय असंच वाटत होतं. दाणे टाकले की पांढरीबरोबर धावून यायची, मान खाली घालायची, टकटक टोचा मारायची. नीट बघितलं तेव्हा कळलं की चोचीत काहीच जात नव्हतं. आजारी पाखरं असं करतात. आजार दिसला की कळपातली जागा जाते, म्हणून खाण्याचं सोंग चालू ठेवतात. कोंबड्यांमधली ही टोचांची उतरंड 1920 च्या सुमारास नॉर्वेतल्या एका माणसानं पहिल्यांदा नीट लिहून काढली. लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा छंद होता त्याला. आमच्याकडं उतरंडीला पायऱ्या दोनच. वरची घसरली हे खालचीला आमच्याआधी समजलं होतं. पांढरी, जी कालपर्यंत तांबडीचं खाऊन होईतो बाजूला उभी राहायची, ती आता येताजाता तिच्या तुऱ्यावर टोच मारत होती. मी तांबडीला आत घेतली ती तेवढ्यासाठी.

शेजारच्या काकींनी कुंपणावरून विचारलं, ‘बर्ड फ्लू तर नव्हं?’ हा प्रश्न येणारच होता. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरमध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला, तेव्हापासून कोंबडी शिंकली तरी लोक दोन पावलं मागं सरतात. पण तो रोग एकटीला गाठून सावकाश बसत नाही, बघता बघता खुराडं रिकामं करतो. आत्यांना भीती होती ती मानमोडीची. त्यांच्या लहानपणी एका पावसाळ्यात सगळ्या वाडीतल्या कोंबड्या गेल्या होत्या. हिरवी पातळ शीट, वाकडी झालेली मान, आणि ज्या उभ्या होत्या त्या लोकांनी घाईघाईनं कापून खाल्ल्या, कारण उद्या त्याही राहतील याची खात्री नव्हती. सरकारी कागदांत त्याच रोगाला राणीखेत म्हणतात. लासोटा लशीचे थेंब डोळ्यात-नाकात आणि पुढं आर-टू-बीची सुई, एवढ्यानं तो बऱ्यापैकी आवरतो. आमच्या दोघींचं लसीकरण झालेलं होतं. तरी तांबडीची शीट हिरवट होती म्हणून आत्या गप्प झाल्या, आणि आत्या गप्प होणं हे आमच्या घरात धोक्याच्या पातळीच्या वर धरतात.

जनावरांच्या दवाखान्यात मी तिला बुट्टीत घालून, वर टॉवेल बांधून नेली. रांगेत एक रेडकू, दोन शेळ्या आणि जाम भेदरलेला एक पामेरियन. बुट्टीतून आवाज आला तसे सगळे माझ्याकडं बघायला लागले. शेळीवाले काका म्हणाले, ‘वैनी, वाट चुकलीसा काय? चिकनचं दुकान पलीकडच्या कोपऱ्याला.’ सगळे हसले, मीही हसले. त्यांचं चूक नव्हतं. रिक्षाला जाऊन-येऊन जेवढे घालवले तेवढ्यात थोडी भर घातली असती तर बाजारात नवीन तलंग आली असती. या हिशेबाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

डॉक्टर तरुण मुलगी होती. दिवसभर म्हशींच्या मागं असलेल्या माणसाचे हात मोठ्या हालचालींचे होतात असं मला वाटायचं, पण हिनं तांबडीला काखेत धरून फार बारकाईनं तपासलं. पापणी उलटून बघितली. छातीचं हाड चाचपलं, दोन्ही बाजूंचं मांस किती उतरलंय ते बघायला. मागच्या बाजूनं पोट दाबून अंडं अडकलंय का ते बघितलं, कारण अंडं अडकलेली कोंबडीही अशीच थिजून उभी राहते. मग चोच उघडून नाक जवळ नेलं आणि वास घेतला. शेवटी गळ्याखाली, उजव्या अंगाला, बोटं ठेवली आणि थांबली. माझा हात धरून तिथं ठेवला. पिसांखाली घट्ट मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं काहीतरी होतं.

‘हिला भूक नाही असं नाही,’ ती म्हणाली. ‘खाल्लेलं उतरत नाही.’

कोंबडीला दात नाहीत हे आपल्याला माहीत असतं, पण मग ती खाल्लेल्याचं करते काय, हे इतकी वर्षं कोंबडी शिजवूनही मी कधी विचारलं नव्हतं. गिळलेलं सगळं आधी गळ्याखालच्या पिशवीत जमा होतं. तिथं भिजतं, मऊ होतं, आणि थोडं थोडं पुढं सरकतं. पुढं पाचक रस, आणि त्याच्या पुढं पेटा. कलेजी-पेट्यातला तोच तो चिवट पेटा. कोंबडीनं गिळलेले बारीक खडे त्याच्यात असतात आणि ते दाणे भरडतात. संध्याकाळी खुराड्यात जाताना पिशवी भरून टम्म असते, रात्रभरात रिकामी होते, पहाटे कातडी सैल लागली पाहिजे. पहाटे भरलेली लागली तर वाट अडलेली आहे. वास घेतला तो एवढ्यासाठी, की अडलेलं आंबायला लागलं की आत बुरशी धरते आणि चोचीला आंबूस घाण येते. तेवढी वेळ अजून आली नव्हती. आणि हिरवी शीट? ‘आत अन्नच जात नाही, मग नुसतं पित्त येतं बाहेर.’ पोट रिकामं आणि गळा भरलेला, अशी तांबडीची अवस्था होती.

कशानं अडलं, तर गवतानं. पावसानं परड्यात गुडघ्याएवढं गवत झालं होतं, ते कापून कोपऱ्याला ढीग लावला होता आणि दोघी त्यावर तुटून पडल्या होत्या. मी म्हटलं, कोंबड्या गवत खातातच की. डॉक्टर म्हणाली, उभं गवत खातात. त्याला मूळ धरून असतं, कोंबडी ओढते तेव्हा चोचीएवढा तुकडा तुटून येतो. कापलेल्या गवताला धरणारं कुणी नाही, त्यामुळे अख्खं पातं गिळलं जातं, मग दुसरं, आणि आत त्यांची दोरी वळली जाते. कोंबडीच्या खाण्याचं माप जमिनीत असतं हे मला फार आवडलं. तेव्हा ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं सांगते.

मग तिनं उपचार सांगितला. ‘काही खायला घालायचं नाही.’

मी दोनदा विचारून घेतलं, कारण हे मला घरी जाऊन सांगायचं होतं. दाणा नाही, भात नाही, पाव नाही. थोडं थोडं पाणी. दोन-चार थेंब गोडेतेल. आणि पिशवी बोटांनी हळूहळू चोळायची, जोर न लावता, गोळा फुटेपर्यंत. सुई काढलेली सिरिंज दिली आणि पाणी कसं द्यायचं ते दाखवलं. कोंबडीच्या जिभेच्या मागंच श्वासनळीचं तोंड असतं, तिथं धार सोडली तर पाणी सरळ फुप्फुसात. म्हणून चोचीच्या कडेला थेंब ठेवायचा आणि ती स्वतः मान वर करून गिळेल त्याची वाट बघायची. कोंबडीला आपल्यागत घोट ओढता येत नाही, ती पाणी चोचीत घेते आणि मान वर करून आत सोडते. उलटी टांगून पिशवी रिकामी करायला काही जण सांगतील, ते करू नका, असंही बजावलं. नाहीच उतरलं तर पिशवीला छेद घेऊन काढावं लागेल, असं म्हणून तिनं शेळीला आत बोलावलं.

घरी आत्यांनी तोपर्यंत तयारी ठेवली होती. दही-भात कालवलेला, भिजवलेला पाव, तांदळाच्या कण्या, तुपात हळद घालून केलेल्या गोळ्या, आणि काकींनी कुंपणावरून दिलेली सोललेली लसूण. मी डॉक्टरचं म्हणणं सांगितलं. आत्या माझ्याकडं बघत राहिल्या.

‘मी सांगतो तुला,’ त्या म्हणाल्या (आमच्या आत्या अस्सल कोल्हापुरी, बोलताना करतो-जातो), ‘उपाशी ठेवून कुठं कोण बरं होतंय व्हय? एवढासा जीव. पोरगी शिकाऊ असंल ती.’

नंतर त्यांनी तांबडीच्या पंखाखाली हात घातला आणि जाहीर केलं, ‘ताप हाय. भट्टी झालीया.’ निरोगी कोंबडीच्या अंगाचं तापमान 41-42 अंश असतं, आपल्या हाताला ती कायमच तापलेली लागणार, हे मी सांगितलं. एका दिवसात मी आत्यांना दोनदा शास्त्र सांगितलं, आणि असं आमच्या घरात सहसा घडत नाही.

तांबडीची सोय टीव्हीच्या खोक्यात केली, न्हाणीघराच्या बाहेर. ऊब राहावी म्हणून बल्ब लावायचं ठरलं तर घरातले सगळे एलईडी, त्यांना उजेड आहे आणि माया नाही. जुना तारेचा बल्ब शोधायला दुकानं पालथी घालावी लागली. खाली रोजचा पेपर. त्या दिवसांत पेपरच्या पहिल्या पानावर पंचगंगेची पाणीपातळी असायचीच. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. हे दोन आकडे इथल्या पोरांनाही पाढ्यांच्या आधी येतात, 2019 च्या महापुरानंतर तर जास्तच. मी पेपर बदलायची, शीट बघायची, रंग बघायची, आणि त्याच नजरेत कालच्या पातळीवरून डोळा फिरायचा. घरातली माणसंही सकाळी उठून दोन्हींची विचारपूस एका दमात करायला लागली. ‘पाणी कितीवर? पिशवी उतरली?’

पिशवी चोळणं हे फार निवांत काम आहे. मांडीवर टॉवेल, टॉवेलात कोंबडी, दोन बोटं गळ्याखाली. आधी काही हलत नाही. मग एखादी कड सैल होते, मग परत घट्ट. तांबडी अर्धे डोळे मिटून बसायची आणि तिच्या पापण्या, सगळ्याच कोंबड्यांच्या असतात तशा, खालून वर मिटायच्या. आत्या समोर पाटावर बसायच्या. मदतीला नव्हे, लक्ष ठेवायला. मी उठून गेले की त्या काहीतरी भरवतील असं मला वाटायचं, आणि मी चुकून दाबेन असं त्यांना वाटायचं, त्यामुळे आम्ही दोघीही तिथून हलत नव्हतो.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली. मामंजींच्या शेवटच्या दिवसांबद्दल. त्यांचं जेवण सुटलं तेव्हा मी या घरात नवीन होते. मला आठवतात ते आत्यांच्या हातातली पेजेची वाटी आणि ‘एवढा एक घास, माझ्यासाठी’ हे वाक्य. डॉक्टरांनी तेव्हाही सांगितलं होतं, जबरदस्ती करू नका, शरीर आता घेत नाही. पण ते ऐकायचं कुणी? पाहुणे येत होते, प्रत्येकाच्या हातात डबा होता, आणि ‘काय खाल्लंत का?’ याला ‘नाही’ असं उत्तर देणं घरच्या बाईला कमीपणाचं वाटत होतं.

‘गालात तसाच असायचा घास,’ आत्या म्हणाल्या. ‘तासाभरानं तोंड पुसाय गेलो की निघायचा. मी म्हणायचो, गिळा की ओ. रागवायचो.’

मी काही बोलले नाही. माझी बोटं चालू होती. थोड्या वेळानं त्यांनी हात पुढं केला, ‘दे हिकडं, मी बघतो.’ म्हशीची धार काढलेले हात ते. मला जो गोळा कडेकडेनं लागत होता तो त्यांनी बोटांत नेमका धरला आणि तेलाचा थेंब घालून असा चोळत आणला की मी नुसती बघत राहिले. त्या रात्री दही-भाताची वाटी फ्रीजमध्येच राहिली.

पिशवी एकदम उतरली नाही. एकदा निम्मी झाली, परत फुगली, आम्ही ऑपरेशनच्या गोष्टी बोलायला लागलो. मग एका सकाळी हात घातला तर कातडी सैल, आत काही नाही, आणि पेपरवर शीट हिरवी नव्हती. तपकिरी, वर पांढरी टोपी. तो पांढरा भाग म्हणजे कोंबडीची लघवी. तिला वेगळी वाट नसते. शीट बघून एवढा आनंद होण्याचं वय मुलं लहान होती तेव्हाच संपलं असं मी धरून चालले होते.

आता खायला घालायची परवानगी होती. डॉक्टरनं मऊ काहीतरी, थोडं थोडं, म्हणून सांगितलं होतं. उकडलेल्या अंड्याचा बलक चालेल म्हणाली. तो मी कुस्करून ठेवला तर आत्यांनी कानाला हात लावले, ‘आपल्याच पोटचं खाय घालतीस?’ तांबडीनं तो प्रश्न निकाली काढला. बलकाकडं बघितलंही नाही. भात नको, कण्या नकोत. दोन पावलं चालली, थांबली, खोक्यात परत गेली. इतके दिवस ‘घालू नका’ म्हणून भांडलेली मी आता ‘खा की गं’ म्हणत तिच्या मागं वाटी घेऊन फिरत होते. आत्यांनी ते बघितलं. बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

तिनं पहिला दाणा टिपला तो मिरचीच्या बीचा. दमट हवेनं बुरशी धरू नये म्हणून आत्या सुपात सुक्या मिरच्या निवडत बसल्या होत्या आणि बी खाली सांडलं होतं. तांबडी मान तिरकी करून आली, एक डोळा लावून बघितलं, आणि टक. मग परत टक. थोरला ओरडला, ‘आई, तिखट खायला लागली!’ तिला तिखट लागत नाही. आपल्या तोंडात मिरचीनं जी आग होते ती ज्या पेशींमुळे, त्या पेशी पाखरांना मिरची कळवत नाहीत. म्हणूनच मिरचीला पाखरं आवडतात, असं म्हणायला हरकत नाही. आपण बी चावून संपवतो, पाखरू गिळतं आणि दुसरीकडं नेऊन टाकतं. पण हे सगळं मी मनातच ठेवलं. ‘कोल्हापूरची कोंबडी हाय ती,’ असं आत्या अभिमानानं काकींना सांगत होत्या आणि त्यात शास्त्र घालण्यासारखं काही नव्हतं.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी गल्लीचं टेंबलाईला जाणं होतं. आषाढात मंगळवारी-शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाई देवीला, वाहायला गल्ल्या-गल्ल्यांतून मिरवणुका निघतात, पुढं पी-ढबाक वाजत असतं, आणि घरोघरी नैवेद्याला काय असतं ते सांगायला नको. आमच्याकडंही असतं. ‘यंदा नको’ असं कुणी म्हटलं नाही. माझ्याही मनात आलं नाही, हे खरं सांगते. थोरल्यानं सकाळी एकदा परड्याकडं बघून, मग आत्यांकडं बघून ‘आजी, कुठली?’ एवढं विचारलं, आणि ‘गप, दुकानातनं आणायची’ हे ऐकून खेळायला गेला.

दुकानात ही गर्दी. माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, पेटा साफ करू नका, आणि गळ्याची पिशवी असेल तर दाखवा. दुकानदार ओळखीचा, त्यानं मान वर करून बघितलं. ‘पिशवीत काय बघायचंय वैनी? मोकळी असती. गाडीत भरायच्या आधीच खाणं बंद करत्यात, पोटात काही राहायला नको म्हणून.’ त्यानं बोटानं उचलून दाखवली. पातळ पडदा, आत काही नाही. पाठीमागून कुणीतरी ‘आटपा की’ म्हणालं आणि मी पिशवी घेऊन बाजूला झाले. रस्सा चांगला झाला होता. मी जेवले. आत्यांनी नेहमीप्रमाणे नको म्हणताना दुसऱ्यांदा वाढलं.

तांबडी आता परड्यात असते. कोपऱ्यात बारीक कच टाकून ठेवली आहे, पेट्याला खडे मिळावेत म्हणून, आणि गवत कापलं की त्याच दिवशी उचललं जातं. पांढरीनं वरची पायरी सोडलेली नाही. खुराडं उघडताना सकाळी मी दोघींच्याही गळ्याखाली हात घालते आणि तांबडी टोचते, चांगलं रक्त काढते.

अंडं मात्र तिनं अजून घातलेलं नाही. आजारात अंगावरचं उतरलं, त्यात आता पिसं टाकायला लागली आहे, म्हणजे नवी पिसं येईपर्यंत तरी आशा नको, असं मी आत्यांना समजावून सांगितलं. त्यांचं निदान वेगळं आहे. आम्ही तिला नीट खायला घालत नाही.